जर-तरचं गणित: लीगमधून पुढे कोण जाणार, याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साखळीचे शेवटचे चार-पाच सामने उरले की माझा फोन वाजायला लागतो. बाणेरच्या टर्फवर रात्री साडेदहाला खेळून घामाघूम झालेली मंडळी, बालेवाडीच्या स्टँडमध्ये एके काळी शेजारी बसणारे काका, भाच्याचे कॉलेजातले मित्र, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच. मी पुण्यातल्या एका हौशी सेव्हन्स लीगसाठी (म्हणजे सात-सात जणांचं फुटबॉल), आणि स्वतःची खाज म्हणून आयएसएल (इंडियन सुपर लीग), युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग वगैरेंसाठी, पात्रतेचे टक्के काढतो. तेच उत्तर अकराव्यांदा टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. आधी हे वाचा, मग फोन करा.

"अमुक संघ पुढे जाण्याची शक्यता ६४ टक्के" म्हणजे नक्की काय?

म्हणजे उरलेला मोसम मी संगणकावर दहा हजार वेळा खेळवला आणि त्यातल्या सुमारे ६,४०० मोसमांत तो संघ पात्रतेच्या रेषेच्या वर राहिला. बस्स, एवढंच. आजचा गुणतक्ता घ्यायचा, पुढचा प्रत्येक सामना खोटा-खोटा खेळवायचा, गुण मांडायचे, तक्ता लावायचा, जे वर आले त्यांच्यापुढे एक रेघ मारायची, पाटी पुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी रेघा मोजायच्या.

या पद्धतीला माँटे कार्लो म्हणतात. १९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम हा गणितज्ञ आजारपणात पत्त्यांचा एकट्याने लावायचा डाव लावत बसला होता. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढणं किचकट जात होतं. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की सरळ शंभर डाव लावावेत आणि किती सुटले ते मोजावं. नाव कसिनोचं असलं तरी पद्धत वाढली ती लॉस अलामॉसच्या अणुसंशोधनात.

सगळ्या शक्यता एकदाच का मोजत नाही? दहा हजारांचं नाटक कशाला?

दहा सामने उरले असतील तर जय, बरोबरी, हार मिळून ५९,०४९ वाटा होतात. त्या मोजता येतात. वीस सामने उरले की तोच आकडा ३४८ कोटींच्या पुढे जातो, आणि त्यात गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले) अजून धरलेलाच नाही. तेव्हा नाटकच बरं.

एका सामन्याचा निकाल संगणक ठरवतो कसा? नाणं उडवतो का?

नाणंच, पण नीट तोललेलं. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात, अधूनमधून होतात आणि एका मिनिटात होईल की नाही याचा पुढच्या मिनिटाशी फारसा संबंध नसतो. अशा तुरळक घटना मोजायला प्वासाँचं वितरण बरं पडतं. (वर्गात अर्धी मुलं पॉयझन म्हणतात. विषाशी काही संबंध नाही. १८३७ साली ज्याच्या ग्रंथात हे आलं त्या फ्रेंच गणितज्ञाचं ते आडनाव.)

समजा यजमान संघाकडून सरासरी १.५ गोल अपेक्षित आहेत आणि पाहुण्यांकडून १.१. मग यजमानांचे शून्य गोल होण्याची शक्यता निघते साधारण २२ टक्के, एक गोल ३३, दोन गोल २५, तीन गोल साडेबारा, बाकी किरकोळ. संगणकाला शून्य ते एकच्या मधली एक आडवी-तिडवी (रँडम) संख्या काढायला सांगायची. ती ०.२२ च्या आत आली तर भोपळा, ०.५६ पर्यंत एक गोल, ०.८१ पर्यंत दोन, ०.९३ पर्यंत तीन. पाहुण्यांसाठी दुसरी संख्या. झाला सामना. स्टॉपेज टाइम नाही, रेफरीशी हुज्जत नाही.

हेच सगळे तुकडे जोडले की यजमानांचा विजय ४६ टक्के, बरोबरी २६, पाहुण्यांचा विजय २८. आता गंमत बघा. या सामन्यातला सर्वांत शक्य स्कोअर आहे १-१, तोही जेमतेम १२ टक्के. म्हणजे "स्कोअर सांग" म्हणाल तर मी १-१ सांगेन आणि "कोण जिंकेल" म्हणाल तर यजमान. दोन्ही उत्तरं एकाच कागदावरची आहेत. यावरून मला दुटप्पी म्हणणारे बरेच भेटलेत.

पण हे १.५ आणि १.१ आले कुठून?

इथे खरी मेहनत आहे. १९८२ साली माहेर नावाच्या संशोधकाने मांडलेली रचना आजही पाया म्हणून चालते: प्रत्येक संघाला दोन आकडे द्यायचे, एक आक्रमणाचा, एक बचावाचा. यजमानांचं आक्रमण, पाहुण्यांचा बचाव आणि घरच्या मैदानाचा फायदा, या तिघांचा गुणाकार म्हणजे यजमानांचे अपेक्षित गोल. झालेल्या सगळ्या सामन्यांशी उत्तम जुळतील असे आकडे संगणक शोधून देतो.

१९९७ मध्ये डिक्सन आणि कोल्स यांनी त्यात दोन दुरुस्त्या केल्या. एक म्हणजे ०-०, १-०, ०-१, १-१ या चार स्कोअरच्या शक्यता थोड्या हलवल्या, कारण साधं प्वासाँ तिथे प्रत्यक्षाशी नीट जुळत नाही. दुसरी म्हणजे जुन्या सामन्यांचं वजन हळूहळू उतरवत नेलं. मागच्या दिवाळीतला ४-० आणि मागच्या रविवारचा ४-० एका मापाने तोलायचे नाहीत. माझ्या मते या दोनांतली दुसरी जास्त मोलाची. पहिलीवर लेख जास्त लिहिले जातात.

घरच्या मैदानाच्या फायद्यात मी स्वतः एकदा पाय घसरून पडलोय. आयएसएलचे २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही मोसम कोविडमुळे पूर्णपणे गोव्यात झाले. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, सगळे संघ तिथेच. कागदावर 'होम' आणि 'अवे' असे रकाने होते, पण जमशेदपूरचा 'घरचा' सामनाही गोव्यातच व्हायचा. मी ते दोन मोसम तसेच्या तसे मॉडेलमध्ये ओतले आणि घरचा फायदा इतका घटला की वाटलं भारतात तो नसतोच. चूक मॉडेलची नव्हती, रकान्याचं मथळ्यातलं नाव वाचून गप्प बसणाऱ्याची होती.

एलो पद्धत वापरत नाही का?

वापरतो, मोसमाच्या सुरुवातीला, हातात सामने नसताना. यात प्रत्येकाला ताकदीचा एकच आकडा असतो आणि तो निकालागणिक वर-खाली होतो. अर्पाड एलो यांनी ती बुद्धिबळासाठी बसवली. फिफाही २०१८ पासून पुरुषांची क्रमवारी त्याच धर्तीवर काढते. मूळ सूत्रात दोघांच्या या आकड्यांत १०० चं अंतर असलं की वरच्याकडून ६४ टक्के गुणांची अपेक्षा, २०० असलं की ७६. सुटसुटीत आहे, पण गोल किती होतील हे ती थेट सांगत नाही आणि गोलफरकावर गाडी अडली की हात वर करते.

किती गुण झाले की 'सेफ'?

सगळ्यांना हाच एक आकडा हवा असतो, आणि बहुतेक लोक तो चुकीच्या ओळीतून उचलतात. शेवटच्या पात्र संघाचे गुण म्हणजे लागणारे गुण नव्हेत. लागणारे गुण म्हणजे पहिल्या बाहेर पडलेल्या संघापेक्षा एक जास्त.

आपलंच उदाहरण घ्या. २०१७-१८ च्या आयएसएलमध्ये दहा संघ, प्रत्येकी अठरा सामने, वरचे चार उपांत्य फेरीत. एफसी पुणे सिटी ३० गुणांवर चौथी आली. पाचव्या जमशेदपूरचे २६ होते. म्हणजे त्या वर्षी २७ पुरले असते, ३० नाही. २०२४-२५ मध्ये तेरा संघ, चोवीस सामने, वरचे सहा पुढे. सहाव्या मुंबई सिटीचे ३६, सातव्या ओडिशाचे ३३. पुरले असते ३४. मुंबईला हे ठाऊक होतं. बंगळुरूविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात बरोबरीही चालणार होती, त्यांनी २-० जिंकून वादच मिटवला.

चॅम्पियन्स लीगने २०२४-२५ पासून छत्तीस संघांचा एकच तक्ता केला. प्रत्येकी आठ सामने, पहिले आठ थेट उपउपांत्यपूर्व फेरीत, नऊ ते चोवीस प्ले-ऑफमध्ये (पुढे जायचं तर आणखी एक लढत), बाकीचे घरी. मोसमाआधी 'किती लागतील' यावर भरपूर आकडेमोड झाली, कारण मागचा इतिहासच नव्हता. झालं असं की आठव्या ॲस्टन व्हिलाचे १६ आणि नवव्या अटालांटाचे १५. खाली चोवीसावा क्लब ब्रुज ११ गुणांवर आत, आणि पंचविसावा दिनामो झाग्रेब तेवढ्याच ११ गुणांवर गोलफरकाने बाहेर. म्हणून त्या वर्षी 'अकरा पुरतात का' या प्रश्नाचं उत्तर 'काहींना' असं होतं.

त्याच तक्त्यात पंधरावा होता पॅरिस सेंट-जर्मेन, १३ गुण. करंडक त्यांनीच उचलला. पात्रतेची शक्यता आणि विजेतेपदाची शक्यता ही दोन वेगळी पोती आहेत, एकात दुसऱ्याचं धान्य ओतू नका.

गुण सारखे झाले तर? तुम्ही नियमावलीवर एवढा जोर का देता?

कारण अर्धं मॉडेल तिथे असतं आणि ते कोणी वाचत नाही.

एक छोटं उदाहरण कागदावर करून बघा. एकच जागा शिल्लक, एकच फेरी बाकी. 'अ' संघाचे १३ गुण, 'ब' चे १२. 'अ' समोर तगडा संघ आहे: जिंकण्याची शक्यता ३० टक्के, बरोबरी ३०, हार ४०. 'ब' ला सोपा पेपर: ६०, २०, २०. 'अ' जिंकला तर १६, प्रश्नच मिटला, हे झाले ३०. 'अ' ने बरोबरी केली तर १४, आणि मग 'ब' जिंकता कामा नये: ३० चे ४० टक्के, म्हणजे १२. 'अ' हरला तर १३ वरच राहिला. आता 'ब' ने बरोबरी केली तर तोही १३.

इथेच फाटा फुटतो. आपसातल्या सामन्यात 'ब' ने 'अ' ला हरवलेलं आहे, आणि नियम 'आधी आपसातला सामना' असा असेल, तर 'अ' ला 'ब' हरावाच लागतो: ४० चे २० टक्के, म्हणजे ८. एकूण ५०. नियम 'आधी गोलफरक' असेल आणि 'अ' चा गोलफरक भरभक्कम असेल, तर 'ब' ची बरोबरीही चालते: ४० चे ४० टक्के, म्हणजे १६. एकूण ५८. संघ तेच, खेळाडू तेच, फॉर्म तोच. नियमावलीतल्या एका ओळीची किंमत आठ टक्के.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या सेव्हन्स लीगच्या एका मोसमात आयोजकांनी व्हॉट्सॲपवर नियमांचे दोन फोटो टाकले होते. मी पहिला उघडला, त्यात गुणपद्धत होती, दुसरा उघडलाच नाही. शेवटच्या रविवारी एक संघ १-२ हरला, गुण सारखे झाले, गोलफरक त्यांचा बराच वर. मी टर्फच्या जाळीपाशी उभा राहून ठणकावून सांगितलं, "काळजी करू नका रे, तुम्ही आत आहात." पोरांनी तिथल्या तिथे समोरच्या दुकानातून पेढे आणले. मीही एक खाल्ला. दहा मिनिटांनी आयोजकांनी तक्ता वाचला: आपसातला सामना आधी. पेढ्याचा रिकामा खोका कितीतरी वेळ त्यांच्या गोलकीपरच्या हातात होता. त्यानंतर मी कोणत्याही स्पर्धेचं गणित मांडताना पहिल्यांदा नियमावली छापून घेतो आणि समान गुणांचा परिच्छेद पिवळा करतो.

मोठ्या स्पर्धांतही एकसारखेपणा नाही. इंग्लंडची प्रीमियर लीग आधी गोलफरक बघते, स्पेनची ला लीगा आधी आपसातले सामने. आयएसएलही आपसातले. २०२४-२५ मध्ये बंगळुरू, नॉर्थईस्ट आणि जमशेदपूर तिघेही ३८ गुणांवर थांबले. नॉर्थईस्टचा गोलफरक बंगळुरूपेक्षा चांगला होता, तरी तिसरी आली बंगळुरू. आणि २०१८ च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोलफरक, केलेले गोल, आपसातला सामना सगळं सारखं निघालं. मग पिवळी कार्डं मोजली. जपानची चार, सेनेगलची सहा. सेनेगल बाहेर. तुमच्या मॉडेलमध्ये पिवळ्या कार्डांचा रकाना आहे का? माझ्यात नव्हता.

पेपरात 'गणिती दृष्ट्या आव्हान जिवंत' असं छापतात. ते आणि तुमचे टक्के एकच का?

नाही. 'गणिती दृष्ट्या जिवंत' म्हणजे लाखात एक का होईना, एक वाट उरली आहे. माझ्याकडे ती शून्य टक्के दिसेल, कारण दहा हजार फेऱ्यांत एकदाही आली नाही. म्हणून मी 'शून्य' न लिहिता 'एकाहून कमी' लिहितो आणि खरोखर बाद झालेल्यापुढे फुली मारतो.

आणि ही फुली मारणं वाटतं तितकं सोपं नाही. जुन्या पद्धतीत विजयाला दोन गुण, बरोबरीला एक-एक. प्रत्येक सामन्यातून नेमके दोनच गुण बाहेर पडायचे. तेव्हा एखादा संघ बाद झाला का हे पाणी नळांतून वाहवण्याच्या गणितासारखं झटपट सुटतं. विजयाला तीन गुण आले (इंग्लंडमध्ये १९८१ पासून, विश्वचषकात १९९४ पासून) आणि सामन्यातून कधी तीन गुण बाहेर पडू लागले, कधी दोन. एवढ्या बदलाने हा प्रश्न संगणकशास्त्रात एनपी-कम्प्लीट म्हणतात त्या कुप्रसिद्ध कुळात जाऊन बसला. मोठ्या लीगसाठी त्याची हमखास झटपट पद्धत आजवर कोणाला सापडलेली नाही. प्रत्यक्षात शेवटच्या चार-पाच फेऱ्यांत संगणक तो सोडवतो, पण ऑक्टोबरात कोणी छातीठोकपणे 'गणिती दृष्ट्या' म्हणालं की मी चहाचा कप खाली ठेवून ऐकतो.

शेवटच्या फेरीत टक्के विचित्र वागतात, असं का?

कारण मॉडेल समजतं की प्रत्येक सामना आपापला स्वतंत्र आहे आणि दोन्ही संघांना जिंकायचंच आहे. शेवटच्या दिवशी दोन्ही गृहीतकं कोलमडतात.

२५ जून १९८२, स्पेनमधलं हिहोन. पश्चिम जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोघेही पुढे, आणि अल्जीरिया बाहेर. अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशीच संपला होता, त्यामुळे हिशोब दोघांनाही पाठ होता. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला आणि उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे फिरला. त्यानंतरच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले. तरी जपान-सेनेगलच्या दिवशी जपानने पोलंडविरुद्ध ०-१ हरत असताना शेवटची दहा मिनिटं चेंडू मागे-मागे खेळवला, कारण दुसऱ्या मैदानावर कोलंबिया सेनेगलला हरवत असल्याचं त्यांना समजलं होतं. प्वासाँला हे कुठून कळणार? ज्या सामन्यात बरोबरी दोघांनाही पुरते, तिथे मी बरोबरीची शक्यता हाताने वाढवतो. किती वाढवायची याचं सूत्र माझ्याकडे नाही, अंदाज आहे, आणि तसं तक्त्याखाली लिहितो.

तुम्ही ९० टक्के म्हणालात आणि संघ बाहेर गेला. म्हणजे तुमचं चुकलंच ना?

एका संघावरून ते ठरत नाही. नव्वद टक्के दिलेले सगळेच संघ आत जायला लागले तर माझं जास्त चुकतंय, मी नव्वद नाही, शंभर म्हणायला हवं होतं. दहांपैकी एखादा बाहेर पडलाच पाहिजे.

पुणेकरांना हे समजायला हरकत नसावी. हवामान खात्याच्या सिमला ऑफिसच्या चौकातून जाताना 'आज पाऊस म्हणाले होते, कुठाय?' असं म्हटलं नाही असा दुचाकीवाला शोधून दाखवा. गंमत म्हणजे असे अंदाज तपासायची फूटपट्टी हवामानवाल्यांकडूनच आली. ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये ती सुचवली. घडलं तर १, नाही घडलं तर ०, आणि तुम्ही दिलेली शक्यता, या दोघांतल्या फरकाचा वर्ग. ७० टक्के म्हणालात आणि घडलं: ०.०९. नाही घडलं: ०.४९. सगळ्यांची सरासरी काढा, जितकी कमी तितकं बरं. प्रत्येक वेळी डोळे मिटून ५० टक्के म्हणणाऱ्याला ०.२५ मिळतात. माझी सरासरी त्याच्या वर गेली तर दुकान बंद करायचं, असं मी स्वतःशी ठरवलंय. एका पावसाळी मोसमात फार जवळ गेली होती.

यासाठी जुने अंदाज तारखेसकट ठेवावे लागतात. मोसम संपल्यावर 'मी म्हणालोच होतो' म्हणणारे शेकड्याने भेटतात, वही दाखवणारा एखादाच.

६३.७ टक्के असं का देत नाही?

दहा हजार फेऱ्यांत निव्वळ योगायोगाने एक टक्का इकडे-तिकडे होतो. तो दशांश म्हणजे पोह्यांवर चांदीचा वर्ख.

पहिले पाच सामने जिंकले. शक्यता अजून साठच कशी?

पाच सामने म्हणजे काहीच नाही. कोणाविरुद्ध जिंकले, किती पेनल्टी मिळाल्या, समोरचा गोलकीपर नेहमीचा होता का? म्हणून सुरुवातीला प्रत्येक संघाचे आकडे लीगच्या सरासरीकडे ओढून ठेवायचे आणि सामने वाढतील तशी दोरी सैल सोडायची. 'मोमेंटम' नावाचा रकाना ठेवून बघितला होता. त्याने अंदाज सुधारले नाहीत, काढून टाकला.

आमच्या सोसायटीच्या किंवा टर्फच्या लीगला हे चालेल का?

चालेल, पण आधी घाण उपसा. पहिली म्हणजे वॉकओव्हर. समोरचा संघ आलाच नाही म्हणून दिलेला ३-० गुणतक्त्यात मोजायचा, आक्रमणाच्या आकड्यात अजिबात नाही. माझ्याकडे एक संघ दोन वॉकओव्हरच्या जोरावर लीगमधलं सर्वांत धारदार आक्रमण म्हणून झळकला होता. त्यांचा स्ट्रायकर अजून तो स्क्रीनशॉट दाखवतो.

दुसरी, खेळाडू. परीक्षा आल्या की कॉलेजच्या संघाचं अर्धं अंग गळतं, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत कोणाचा तरी 'मावसभाऊ' उगवतो जो तीन मोसमांपूर्वी क्लबकडून खेळलेला असतो. तिसरी, सेव्हन्समध्ये गोल धो-धो होतात. ७-५ असे स्कोअर येतात, तिथे ०-० ची दुरुस्ती निरर्थक, आणि दोन गोलची आघाडी म्हणजे काही नाही. कोल्हापूरच्या मंडळींनी विचारलं होतं की तिथल्या तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्यांना हे लावता येईल का. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या दोन्ही गावातल्याच तालमी समोरासमोर असल्या की घरचं मैदान कोणाचं धरायचं, ते आधी तुम्हीच ठरवून सांगा, मग बघू.

पुण्याला आता आयएसएलचा संघच नाही. मग हे सगळं कोणासाठी?

हा प्रश्न नाही, टोमणा आहे, पण उत्तर देतो. पुणे एफसी गेली, डीएसके शिवाजियन्स गेली, एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ एवढीच जगली आणि तिची जागा हैदराबादने घेतली. प्ले-ऑफ एकदाच. बालेवाडीत बंगळुरूविरुद्ध ०-०, मग तिकडे सुनील छेत्रीची हॅट्‌ट्रिक आणि १-३. अल्फारो आणि मार्सेलिन्यो या पुण्याच्या खेळाडूंच्या त्या मोसमात फेब्रुवारीत मी वहीवर पेन्सिलीने जर-तर मांडायला लागलो. संघ गेला, वही राहिली.

मॉडेलमध्ये कधीच न येणारं असं काय असतं?

२०२२ च्या जानेवारीत महिलांच्या आशियाई करंडकाचे काही सामने आपल्या बालेवाडीतही झाले. भारत यजमान. इराणविरुद्ध ०-० झालं, पुढचा सामना चायनीज तैपेईशी, आणि पुढे जायची आशा होती. सामन्याच्या दिवशी कोविडमुळे भारताला खेळायला तेरा मुलीही उभ्या करता आल्या नाहीत. सामना झाला नाही, भारत स्पर्धेतून बाहेर धरला गेला आणि आधीची बरोबरीसुद्धा रद्द ठरली. झालेला निकाल मागे जाऊन पुसला जाईल, असा रकाना कोण ठेवतं?

यावर पैसे लावू का?

नाही. पैसे लावायचे ऑनलाइन खेळ केंद्राच्या २०२५ च्या कायद्याने बंद आहेत, आणि नसते तरी उत्तर हेच होतं.

मला स्वतः करून बघायचं आहे. सुरुवात कुठून?

पायथॉन येत असेल तर उत्तम, नसेल तर एक्सेल पुरतं. एआय वगैरे काही लागत नाही. एका पानावर झालेले सामने: तारीख, यजमान, पाहुणे, दोघांचे गोल, आणि एक रकाना 'वॉकओव्हर का' असा. दुसऱ्या पानावर प्रत्येक संघाने सामन्यामागे केलेले आणि खाल्लेले गोल, लीगच्या सरासरीने भागून. १ च्या वर आक्रमण म्हणजे सरासरीपेक्षा चांगलं, १ च्या वर बचाव म्हणजे गळका. तिसऱ्या पानावर उरलेले सामने आणि दोन्ही संघांचे अपेक्षित गोल. प्वासाँचं सूत्र एक्सेलमध्ये तयारच आहे. मग आडव्या-तिडव्या संख्या, गोल, गुण, तक्ता. एकदा जमलं की तेच हजार वेळा.

चौथं पान मात्र सर्वांत आधी भरा. त्यावर समान गुण झाल्यास काय, हे नियमावलीतून शब्दशः उतरवायचं. आणि आयोजकांनी दोन फोटो पाठवले असतील, तर दोन्ही उघडा.